तणसीत सापडलेली पिल्लं: कमी पैशात काय होतं, आणि डॉक्टरकडे कधी धावायचं

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा बोलीच ठेवली आहे. आकडे लिहून हवेत असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, म्हणून ते नीट मांडलेत.)

दिवाळी उलटली की आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आणि मळणी जोरात असते. आणि नेमक्या याच दिवसांत गावातल्या कुत्र्या वितात. कोरडी, उबदार, आडोशाची जागा त्यांना हवी असते. तशी जागा म्हणजे तणसीचा ढीग, पुंजण्याची आडबाजू, गोठ्याचा कोपरा, बंद पडलेल्या राईस मिलची शेड. मग एक दिवस मळणी यंत्र येतं, ढीग हलतो, आणि आत चार-सहा पिल्लं सापडतात. डोळे मिटलेले, चूं चूं करणारी. कुणीतरी त्यांना खोक्यात घालून घरी आणतं, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. पवनी असो की लाखांदूर, तुमसर असो की साकोली, प्रश्न तोच: "यांचा डॉक्टर कोण? खर्च किती येईल? आणि आपल्याकडे तेवढे पैसे नसले तर?"

आजचा भाग याच तीन प्रश्नांवर. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इतक्या लहान पिल्लांच्या बाबतीत महाग उपचार बहुतेक वेळा उशिरा कामी येतात. स्वस्त उपचार लवकर कामी येतात. ऊब, वजनकाटा, जंताचं औषध, स्वच्छ हात. हे जमलं तर डॉक्टरची गरज संपत नाही, पण डॉक्टरच्या हातात जगण्यासारखं पिल्लू पोचतं.

आधी आई शोधा

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असं नाही. गावातली कुत्री खाणं शोधायला जाते आणि तासन्‌तास येत नाही. पिल्लं एकमेकांना चिकटून शांत झोपली असतील, पोटं गोल असतील, अंग गरम असेल, तर हात लावू नका. लांब जाऊन थांबा. माणसं भोवती उभी असली तर ती येतच नाही. दिवसाची वेळ असेल आणि कुत्री, ट्रॅक्टर, पाणी असा धोका नसेल, तर चार-पाच तास वाट पाहायला हरकत नाही. ढीग हलवावाच लागणार असेल, तर पिल्लं त्याच आवारात, तिला वास लागेल अशा आडोशाला ठेवा. कुत्री स्वतः पिल्लं उचलून नेते.

मी आईवर एवढा जोर का देतोय? हिशेब करू. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला पहिल्या दिवसांत २४ तासांत ५५ ते ६० मिली दूध लागतं. सहा पिल्लं म्हणजे रोजचं सुमारे साडेतीनशे मिली. वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं, म्हणजे दूधही दुप्पट. महिन्याचा हिशेब कित्येक लिटरवर जातो, आणि पिल्लांसाठीची तयार दूध पावडर स्वस्त नसते. त्यात रात्री दोन वाजता उठणारा माणूसही लागतो. आई असेल तर हे सगळं फुकट, आणि वर तिच्या दुधातून रोगप्रतिकारशक्तीही मिळते. म्हणून तुमच्याकडे थोडेच पैसे असतील तर ते आईच्या पोटात घाला. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. भातात उकडलेलं अंडं, सोयाबीनच्या वड्या, चिकनच्या दुकानातून मिळणारे पंजे-कातडी उकडून आणि हाडं काढून. आणि जवळ पाण्याचं भांडं. एक आई जगवली की सहा पिल्लं जगतात.

आई मेली असेल तर आजूबाजूला दुसरी दूध देणारी कुत्री आहे का ते बघा. काही कुत्र्या परकी पिल्लं घेतात. तिच्या पिल्लांच्या अंथरुणात नवी पिल्लं थोडी घोळवायची आणि लांबून लक्ष ठेवायचं. गुरगुरली तर लगेच उचलायची.

वय ओळखा

डॉक्टर फोनवर पहिलं हेच विचारतात. डोळे मिटलेले असतील तर वय दोन आठवड्यांच्या आत. डोळे साधारण १० ते १४ दिवसांत उघडतात. कान त्यानंतर, तिसऱ्या आठवड्यापर्यंत. लडखडत चालायला लागलं आणि हिरडीत दाताची टोकं लागली, तर तीन आठवड्यांच्या आसपास. सगळे दुधाचे दात आहेत आणि पळतंय, तर सहा आठवड्यांच्या पुढचं.

क्रम: ऊब, मग साखर, मग दूध

थंड पिल्लाला दूध पाजायचं नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याला कापरंसुद्धा भरत नाही. पहिल्या आठवड्यात त्याचं नेहमीचं तापमानच ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी. अंग थंड पडलं की आतडी हलायची थांबतात. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं, नासतं, फुगतं, किंवा श्वासनलिकेत जातं. "रात्रीच दूध पाजलं, सकाळी मेलं," असं आपण ऐकतो, त्यातल्या पुष्कळ गोष्टींमागे हेच कारण असतं.

ऊब द्यायची ती हळूहळू, दोन-तीन तासांत. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, जाड कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू सरकेल. बल्ब लावणार असाल तर जुना पिवळा, तारेचा बल्ब हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. कोंबडीच्या पिल्लांसाठी ब्रूडर लावणाऱ्यांना हे सांगायला नको. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी २९ ते ३२ अंश हवेत, मग चौथ्या आठवड्यापर्यंत हळूहळू २४-२७ वर आणायचं. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, म्हणजे किती फरक भरून काढायचा ते लक्षात घ्या. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ खोकं ठेवू नका. भाजतं, आणि धुराने श्वास अडकतो.

अंग गरम व्हायला लागलं की ग्लुकोज पावडर कोमट पाण्यात विरघळवून दोन-चार थेंब हिरडीवर चोळा. ओतू नका, चोळा. मग स्वच्छ बोट तोंडात घालून बघा. जोरात चोखतंय? तर दूध. चोखत नाही? तर तोंडाने काहीही पाजू नका. त्याला नळीने पाजावं लागेल, ते डॉक्टरच दाखवतील.

दूध: कोणतं, किती, कसं

गाईच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश जवळपास दुप्पट असतात आणि दुग्धशर्करा कमी. म्हणून नुसतं गाईचं दूध पाजलेली पिल्लं जुलाबाने खंगतात, आणि पाणी घालून पातळ केलं तर उपाशीच राहतात. पिल्लांची तयार दूध पावडर सगळ्यात बरी. ती मिळेपर्यंत एक-दोन दिवसांची तात्पुरती सोय अशी: १२० मिली गाईचं किंवा शेळीचं पूर्ण सायीचं दूध, १२० मिली उकळून गार केलेलं पाणी, दोन-तीन अंड्यांचा फक्त पिवळा बलक, एक चमचा खाद्यतेल. नीट घुसळून गाळायचं आणि कोमट करून पाजायचं. उरलेलं फ्रीजमध्ये, आणि २४ तासांनी फेकून द्यायचं. साखर नको, मध नको.

एका वेळी १०० ग्रॅम वजनाला साधारण ४ मिलीपेक्षा जास्त नाही. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला जास्तीत जास्त १२ मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दर चार तासांनी. पिल्लू पोटावर, जमिनीवर उभं असल्यासारखं धरायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

पाजण्याच्या आधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूच्या जागी हळुवार पुसा. तीन आठवड्यांपर्यंत आई चाटते तेव्हाच त्यांना होते. हे विसरलं तर भरपूर दूध पिऊनही पिल्लू पोट फुगून मरतं.

आणि रोज एकाच वेळी वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पिल्लांना वेगवेगळ्या रंगाचा धागा सैलसर बांधा आणि वहीत लिहा. रोज ५ ते १० टक्के वाढ हवी. एक दिवस वाढ नाही झाली तर सावध. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आजार डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसतो. एवढ्या स्वस्तात दुसरी कोणतीच तपासणी होत नाही.

आपल्या जिल्ह्यात डॉक्टर कुठे?

पहिली पायरी म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक. श्रेणी दोनमध्ये बहुतेक पशुधन पर्यवेक्षक असतात. दवाखाना गाई-म्हशींचा वाटला तरी कुत्र्याचं पिल्लू तिथे नेता येतं, आणि फी नाममात्र असते. अडचण वेगळीच असते. साहेब लसीकरणाला गावात गेलेले असतात, आणि तिथली सगळी साधनं मोठ्या जनावरांच्या मापाची असतात. म्हणून फोन करून जा. जाताना मेडिकलमधून १ मिलीची इन्सुलिन सिरिंज आणि २४ किंवा २६ नंबरची लहान मुलांची सुई घेऊन जा. वजनाची वही सोबत न्या. "पिल्लू सुस्त आहे" यापेक्षा "काल ४१० ग्रॅम होतं, आज ३८५ आहे, तीन जुलाब झाले" हे ऐकून डॉक्टरचं निम्मं काम होतं.

दुसरी पायरी, भंडारा शहरातलं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. १९६२ हा टोल फ्री क्रमांकही लक्षात ठेवा. ती फिरत्या पथकांची सेवा मुळात शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे. त्यामुळे पिल्लासाठी गाडी येईलच असं धरून बसू नका, पण जवळचा डॉक्टर कोण हे विचारायला हरकत नाही.

तिसरी पायरी नागपूर. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. तिथल्या चिकित्सालयात एक्स-रे, रक्ततपासणी, तज्ज्ञ, सगळं एका आवारात, आणि शिकवण्याचा दवाखाना असल्याने खर्च खासगीपेक्षा कमी. भंडाऱ्याहून साठ-पासष्ट किलोमीटर, लाखांदूरहून शंभरच्या आसपास. पण थंड, उपाशी पिल्लू घेऊन थेट एसटीत बसू नका. आधी गरम करा, ग्लुकोज द्या, वाटेत गरम बाटली सोबत ठेवा. नाहीतर प्रवासातच संपतं.

वाट न पाहता डॉक्टरकडे जायची लक्षणं: दोन-तीन तासांत अंग गरम होत नाही, चोखत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पोट ढोलासारखं फुगलंय, सतत रडतंय, नाळेच्या जागी सूज किंवा पू आहे, शीमध्ये रक्त आहे, जखमेत अळ्या आहेत.

थोडे पैसे असतील तर आधी कशावर?

एक, जंत. आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातून पिल्लांना जंत लागतात. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या वर, हे धष्टपुष्टपणाचं लक्षण नाही. पायरँटेल हे औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात देतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरला विचारा. एका बाटलीत अख्खं वेत भागतं. हेच जंत लहान मुलांनाही लागू शकतात, त्यामुळे पोरांनी पिल्लांना हात लावला की साबणाने धुवायचा.

दोन, पिसवा आणि गोचीड. हे रक्त पितात, आणि ३०० ग्रॅमच्या जिवात रक्त असतंच किती? हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर आधी पिसवांचा संशय घ्या. बारीक फणी, कोमट पाणी, सौम्य साबण, आणि लगेच टॉवेलने कोरडं करून ऊब. मोठ्या कुत्र्यांची पावडर किंवा मानेवर टाकायचं औषध लावू नका. फवारा लहान वयात चालतो का, ते डॉक्टर ठरवतील.

तीन, लस. सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. इतक्या वेळा का? तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही अडवते, आणि ती कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. "आमच्याकडे एकाच डोसचे पैसे आहेत," असंही लोक सांगतात. पशुवैद्यकांची जागतिक संघटना त्यावर सांगते की एकच डोस शक्य असेल तर तो सोळा आठवडे झाल्यावर द्या, कारण तेव्हा तो लागू पडण्याची खात्री जास्त. पण मग तोपर्यंत पिल्लू रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून लांब ठेवणं आलं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. ती सरकारी दवाखान्यात आहे का, आधी विचारा.

पार्वो

उलटी, मग वास मारणारे रक्ताचे जुलाब, खाणं बंद. सहा आठवड्यांपुढच्या पिल्लात हे दिसलं की पार्वो समजून चाला. हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला, आणि त्याला थेट मारणारं औषध आपल्या दवाखान्यांत नसतं. पिल्लू मरतं ते पाणी कमी पडून, साखर उतरून, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरून. म्हणजे उपचार यांच्यावर करायचा. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात, वेळेत उपचार मिळाला तर बहुतेक वाचतात.

अडचण अशी की रोज दाखल करून शिरेतून सलाइन देणं परवडत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पार्वो झालेली ४० कुत्री घेतली. निम्म्यांना पूर्ण दवाखान्याचे उपचार. निम्म्यांना आधी शिरेतून सलाइन देऊन सावरलं आणि मग कातडीखाली सलाइन, रोज उलटीचं इंजेक्शन, एकदाच द्यायचं लांब टिकणारं अँटिबायोटिक. पहिल्या गटात ९० टक्के वाचली, दुसऱ्यात ८०. दुसऱ्या गटाची शुश्रूषाही प्रशिक्षित माणसांनी केली होती, हे लक्षात ठेवा. तरी मुद्दा पक्का आहे: दाखल करणं परवडत नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. डॉक्टरला स्पष्ट सांगा, "रोज आणणं जमणार नाही, कातडीखाली सलाइन घरी द्यायला शिकवाल का?" पैशाची गोष्ट डॉक्टरसमोर बोलायला लाजू नका. त्यावरूनच ते मार्ग ठरवतात.

पार्वोवर फिनाइलचा भरवसा नाही. विहिरीत टाकायला ग्रामपंचायत आणते ती टीसीएल पावडर कामाची. ताजी पावडर, लिटरभर पाण्यात एक सपाट मोठा चमचा. आधी फरशी धुवून घ्या, मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्या. पिल्लं तिथून हलवून. मातीत विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून त्या अंगणात वर्षभर बिनलसीचं पिल्लू आणू नका.

गावठी उपाय जे जीव घेतात

गोचिडावर रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड, शेतातलं कीटकनाशक. अळ्यांवर टर्पेंटाइन. आंघोळीला डेटॉल किंवा फिनाइल. ताप म्हणून माणसाची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. पिल्लाची कातडी पातळ, यकृत कच्चं. यातलं काहीही नको. अळ्या चिमट्याने काढा, सलाइनने धुवा, दवाखाना गाठा.

तुम्हाला चावलं, ओरखडलं तर

पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका. रेबीज पिल्लालाही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. लस मोफत आहे. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं सीरम लागतं, ते विचारून घ्या. "दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवू आणि मग बघू," असं म्हणून लस थांबवायची नाही. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

आणि शेवटची गोष्ट

सगळं नीट करूनही काही पिल्लं जातात. आठवड्याच्या आतलं, आईविना, थंड झालेलं पिल्लू वाचवणं मोठ्या दवाखान्यातही कठीण असतं. एक गेलं म्हणून बाकीच्यांचं पाजणं थांबवू नका. आणि फार वेदनेत असलेल्या पिल्लाला शांत मरण द्यायचं का, हा प्रश्न डॉक्टरला विचारणं म्हणजे निर्दयपणा नाही.

जी जगतील ती आठ आठवड्यांपर्यंत भावंडांसोबत ठेवा, मग घर शोधा. आणि आईला विसरू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ग्रामसभेत विषय काढा. नाहीतर पुढच्या मळणीला त्याच तणसीत पुन्हा सहा पिल्लं.

तुमच्या गावातल्या दवाखान्याची वेळ, तिथे लहान पिल्लं बघतात का, लस मिळते का, हे विचारून ठेवा आणि कागदावर लिहून दारामागे चिकटवा. रात्री अकरा वाजता खोकं घरात येतं तेव्हा हे शोधायला वेळ नसतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.